आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस: प्रवेश सोपा, रविवार अवघड

सरकारी विद्यापीठं आणि संस्था ऑनलाइन पदव्या देऊ लागल्यापासून घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो: ही पदवी चालेल का? आयआयटी मद्रासच्या 'डेटा सायन्स अँड अॅप्लिकेशन्स' या बीएस अभ्यासक्रमापुरतं उत्तर 'हो, चालेल' असं आहे. शिकवणं चांगलं आहेच, पण पदवीला वजन येतं ते परीक्षेमुळे. पाठ घरी बसून बघायचे, असाइनमेंट घरून भरायच्या. क्विझ आणि अंतिम परीक्षा मात्र नेमून दिलेल्या केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, पर्यवेक्षकासमोर द्यायची. घरून दिलेल्या परीक्षेबद्दल नोकरी देणाऱ्याच्या मनात जी शंका येते, ती इथे मुळातच येत नाही. या एका निर्णयासाठी संस्थेला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. विद्यार्थ्याला तो जड जातो, तरीही.

अभ्यासक्रमाची घोषणा जून २०२० मध्ये झाली आणि पहिली तुकडी जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली. तेव्हा ती बी.एस्सी. होती; पुढे तिचा चार वर्षांचा बीएस झाला. रचना जिन्यासारखी आहे. खाली फाउंडेशन, आठ विषय, ३२ श्रेयांक (क्रेडिट). त्यावर दोन डिप्लोमा, एक प्रोग्रॅमिंगचा आणि एक डेटा सायन्सचा, प्रत्येकी २७ श्रेयांक. एकूण ११४ श्रेयांक झाले की बी.एस्सी., १४२ झाले की बीएस. कुठल्याही पायरीवर थांबलात तर त्या पायरीचं प्रमाणपत्र हातात पडतं. ही सोय कागदावरची नाही. घरची अडचण, बदली, आजारपण यामुळे शिक्षण मध्येच सुटणाऱ्यांना दोन वर्षांच्या कष्टांचं काहीतरी दाखवता येतं. आपल्या नेहमीच्या पदवीत दुसऱ्या वर्षाला सोडलं की आजवर हाती फक्त गुणपत्रिका उरत आली आहे.

जेईई लागत नाही; संस्थेची स्वतःची एक पात्रता परीक्षा असते, तिच्याबद्दल पुढे. बारावी कोणत्याही शाखेची चालते, फक्त दहावीला गणित आणि इंग्रजी असायला हवं. वयाची अट नाही. जेईई अॅडव्हान्स्डला पात्र ठरलेल्यांना पात्रता परीक्षाही द्यावी लागत नाही.

पैसे

फाउंडेशनचा दर सुरुवातीपासून श्रेयांकाला १,००० रुपये असा ठेवला होता, म्हणजे चार श्रेयांकांच्या एका विषयाला ४,००० आणि पूर्ण फाउंडेशनला ३२,०००. वरच्या पायऱ्यांवर दर चढत जातो आणि बीएसपर्यंतचा एकूण खर्च तीन ते साडेतीन लाखांच्या घरात जातो. आकडे अधूनमधून बदलतात, त्यामुळे भरण्याच्या दिवशी संकेतस्थळावरचा तक्ता बघावा. सोयीची गोष्ट म्हणजे पैसे वर्षाचे एकदम भरायचे नसतात. त्या टर्मला जितके विषय घेतले तितक्यांचेच भरायचे. एका टर्मला हात आखडता असेल तर एकच विषय घ्या, कुणी काही म्हणत नाही.

जात प्रवर्ग, दिव्यांगत्व आणि कौटुंबिक उत्पन्न यांनुसार फीमध्ये ७५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. इथे आपल्याकडची मुलं हमखास अडकतात ती कागदांत. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून निघायला वेळ लागतो आणि तो चालू आर्थिक वर्षाचा लागतो. इतर मागासवर्गीयांचं नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्रही मुदतीतलं हवं, आणि केंद्र सरकारच्या नमुन्यातलं आहे का ते आधी तपासावं. राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र केंद्रीय संस्थेला जोडून अर्ज परत आला की पुन्हा सेतू केंद्राच्या चकरा सुरू. अर्ज भरायच्या दोन महिने आधी हे दोन कागद तयार ठेवा.

पैशांचा एक खर्च फीच्या तक्त्यात दिसत नाही. वर्षाला तीन टर्म असतात, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. प्रत्येक टर्मला क्विझ १, क्विझ २ आणि एंड टर्म (अंतिम परीक्षा), म्हणजे वर्षातले निदान नऊ रविवार केंद्रावर जायचं. मुंबई, पुणे, नागपूर इथे राहणाऱ्याला हा प्रश्न नाही. नंदुरबार, गडचिरोली किंवा सावंतवाडीच्या मुलाला आदल्या रात्री निघावं लागतं, कधी मुक्काम करावा लागतो. एसटीचं भाडं, जेवण आणि लॉजचे पैसे धरले तर फाउंडेशनच्या काळात प्रवासाचा खर्च फीच्या जवळ जाऊ शकतो. केंद्राचं शहर निवडायची मुदत असते. ती चुकवली की उरलेलं शहर पदरात पडतं.

पात्रता परीक्षा: चार आठवड्यांची चव

अर्ज आणि शुल्क भरलं की चार विषयांचे पहिल्या चार आठवड्यांचे पाठ उघडतात: इंग्रजी १, गणित १, संख्याशास्त्र १ आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग. दर आठवड्याच्या असाइनमेंट भरायच्या, त्यांत किमान गुण मिळाले तरच प्रवेशपत्र येतं. मग चार तासांची एकच परीक्षा, चारही विषय एका बैठकीत. खुल्या प्रवर्गाला प्रत्येक विषयात ४० टक्के आणि सरासरी ५० टक्के लागतात. राखीव प्रवर्गांना कमी.

ही पद्धत मोजून-मापून केलेली आहे आणि ती मनापासून आवडण्यासारखी आहे. शिकवलेल्या भागावरच परीक्षा होते. क्लासवाल्यांच्या युक्त्या इथे उपयोगी पडत नाहीत. चार आठवडे नियमित बसलेला सामान्य विद्यार्थी पार होतो. नापास होणारे बहुतेक जण चारपैकी एका विषयात कोसळतात, आणि तो विषय बहुधा कॉम्प्युटेशनल थिंकिंग असतो. गणिताची भीती असल्यामुळे लोक सगळा वेळ गणिताला देतात आणि 'यात काय, सोपंच आहे' म्हणून हा विषय शेवटच्या दोन दिवसांवर ढकलतात.

सरासरी किती आली यावर पहिल्या टर्मला किती विषय घेता येतील हे ठरतं. जास्तीत जास्त चार. चार मिळाले म्हणून चार घेऊ नका. का, ते पुढे येईलच.

शुल्क भरण्याआधी एक फुकटचं काम करा. फाउंडेशनचे पाठ यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुले आहेत. संख्याशास्त्राचे आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंगचे पहिले दोन आठवडे बघा, वही-पेन घेऊन. दोन आठवडे नेमाने बसता आलं तर अर्ज करा.

फाउंडेशन: खरी कसोटी इथे

कॉम्प्युटेशनल थिंकिंग हा या सगळ्यातला सर्वांत कल्पक विषय आहे, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. संगणकाला हात न लावता प्रोग्रॅमिंगचा विचार शिकवायचा असा त्याचा घाट आहे. समोर कार्डांचे गठ्ठे असतात. एका गठ्ठ्यात विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका, दुसऱ्यात दुकानाची बिलं, तिसऱ्यात एका परिच्छेदातले शब्द, एका कार्डावर एक शब्द. दोन ढीग मांडायचे. पहिल्यातलं वरचं कार्ड उचलायचं, बघायचं, हवं ते टिपून घ्यायचं आणि दुसऱ्या ढिगात टाकायचं. पहिला ढीग संपला की थांबायचं. सर्वाधिक गुण कोणाला, कोणत्या दुकानात सर्वांत मोठं बिल झालं, परिच्छेदातलं सर्वांत लांब वाक्य कोणतं, हे सगळं याच चालीने शोधायचं. चलपदाला सुरुवातीची किंमत देणं, अट तपासणं, फेरी मारणं, यादीत भर घालणं, हे बोटांनी कार्डं सरकवताना कळतं. मग तेच अर्धवट इंग्रजी आणि अर्धवट संगणकी भाषेत, म्हणजे स्यूडोकोडमध्ये लिहायचं.

घोटाळा होतो तो परीक्षेत. प्रश्नात स्यूडोकोड दिलेला असतो आणि 'शेवटी या चलपदाची किंमत काय दर्शवते' असं विचारतात. पर्याय एकमेकांसारखे: 'दोन्ही विषयांत सरासरीपेक्षा जास्त गुण मिळवणारे', 'निदान एका विषयात मिळवणारे', 'नेमक्या एकाच विषयात मिळवणारे'. शिवाय काही प्रश्नांत एकाहून जास्त पर्याय बरोबर असतात. डोळ्यांनी वाचून उत्तर देणारा इथे हमखास चुकतो. कागदावर चार-पाच काल्पनिक कार्डं मांडून प्रत्येक फेरीनंतर चलपदांच्या किमतींचा तक्ता भरायचा, हाच एक खात्रीचा मार्ग. वेळ जातो, म्हणून सराव हवा.

गणित १ मध्ये संच, संबंध, रेषा, वर्गसमीकरणं, बहुपदी, घातांकी फलं आणि लॉगरिदम, आणि शेवटी आलेख सिद्धांत. पहिला भाग अकरावी-बारावीचा. आलेख सिद्धांत आपल्या शालेय अभ्यासक्रमात नसल्यामुळे तिथे शास्त्र शाखेची मुलंही चाचपडतात. कला शाखेच्या मुलांना पहिल्या चार आठवड्यांतच दम लागतो. त्यांनी टर्म सुरू होण्याआधी बालभारतीच्या नववी-दहावीच्या गणिताच्या पुस्तकातली संच, बहुपदी आणि वर्गसमीकरणांची प्रकरणं सोडवून काढावीत. महिन्याचं काम आहे, पण पुढची वर्षं सोपी जातात. गणित २ मध्ये रेषीय बीजगणित आणि अनेक चलांचं कलन येतं. यंत्रशिक्षणाचा (मशीन लर्निंगचा) सगळा डोलारा त्यावर उभा आहे, तेव्हा तो विषय काठावर पास करून पुढे जाणं महागात पडतं.

संख्याशास्त्र १ छान आहे. आयआयटी मद्रासच्या उषा मोहन यांचं शिकवणं संथ आणि स्वच्छ, उदाहरणं भरपूर. संख्याशास्त्र २ मात्र एकदम चढ आहे: संयुक्त वितरणं, अनुमान, परिकल्पना चाचण्या. पायथनच्या पाठांत आयआयटी रोपडचे सुदर्शन अय्यंगार विद्यार्थ्याचा हात धरून नेतात. ज्याने कधी एक ओळ कोड लिहिला नाही त्यालाही भीती वाटत नाही. इंग्रजीचे दोन विषय आहेत आणि मराठी माध्यमातून आलेल्यांनी त्यांना कमी लेखू नये. सगळे पाठ, प्रश्न आणि शंकानिरसन इंग्रजीतच आहे. पाठांच्या लिखित प्रती मिळतात. पहिले काही आठवडे आधी वाचायचं आणि मग व्हिडिओ बघायचा, असं केलं की कानाला सवय होते.

क्रमाचं बंधन लक्षात घ्या. गणित १ शिवाय गणित २ नाही, कॉम्प्युटेशनल थिंकिंगशिवाय पायथन नाही. एक विषय राहिला की त्याच्यामागची अख्खी रांग एक टर्म मागे सरकते.

टर्म कशी चालते, आणि कुठे पाय घसरतो

बारा आठवडे शिकवणं, दर आठवड्याला असाइनमेंट. साधारण चार आठवड्यांनी पहिली क्विझ, आठनंतर दुसरी, बारानंतर एंड टर्म. एंड टर्मला बसायचं तर पहिल्या सात असाइनमेंटपैकी सर्वोत्तम पाचांची सरासरी किमान ४० हवी आणि दोनपैकी निदान एका क्विझला हजेरी हवी. गुणांची सूत्रं विषयागणिक वेगळी असतात. बऱ्याच विषयांत दोन सूत्रं दिलेली असतात, एकात दोन्ही क्विझ धरतात, दुसऱ्यात चांगली क्विझ धरून एंड टर्मचं वजन वाढवतात, आणि ज्याने जास्त गुण पडतील ते लावतात. म्हणजे एक क्विझ बिघडली तर सगळं संपत नाही. एकूण १०० पैकी ४० ला पास, ९० च्या वर एस ग्रेड, आणि ४० च्या खाली यू, म्हणजे तो विषय पैसे भरून पुन्हा.

संस्थाच सांगते की एका विषयाला आठवड्याला दहा तास लागतात. हा आकडा खरा आहे, फुगवलेला नाही. चार विषय म्हणजे आठवड्याला चाळीस तास, म्हणजे एक पूर्ण नोकरी. दिवसभर कॉलेज किंवा कामावर जाणाऱ्याने दोनच विषय घ्यावेत. हिशोब करून बघा: फाउंडेशनचे आठ, डिप्लोमाचे बारा, वरचे साधारण चौदा असे चौतीस विषय, टर्मला दोन याप्रमाणे सतरा टर्म, म्हणजे पाच वर्षं आठ महिने. प्रकल्प वेगळे. अभ्यासक्रम संपवायला आठ वर्षांची मुदत आहे, तेव्हा हा वेग नियमात सहज बसतो. पहिल्या टर्मला चार विषय घेऊन दोनांत यू आणणाऱ्यापेक्षा दोन घेऊन दोन्हींत बी आणणारा पुढे असतो, कारण पुढच्या पायऱ्यांवर आणि नोकरीच्या मदतीसाठी सरासरी ग्रेड बघतात.

दुसरी अडचण दिनदर्शिकेची. २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या करायला मोकळीक दिली, त्यामुळे बी.कॉम., बी.एस्सी., अभियांत्रिकी करत करत हा बीएस करणारे पुष्कळ आहेत. पण सप्टेंबर टर्मची एंड टर्म डिसेंबरात येते आणि जानेवारी टर्मची एप्रिल-मेच्या सुमारास, म्हणजे आपल्या विद्यापीठांच्या हिवाळी आणि उन्हाळी परीक्षांच्या ऐन तोंडावर. मे टर्म त्या मानाने मोकळी. जड विषय, म्हणजे संख्याशास्त्र २ किंवा गणित २, मे टर्मला घ्या आणि इंग्रजीसारखे हलके विषय सप्टेंबरला ठेवा. बारावीत असतानाही पात्रता परीक्षा देता येते, मात्र बोर्डाची परीक्षा आणि सीईटी समोर असताना तिचं ओझं घेऊ नये.

प्रोग्रॅमिंगच्या विषयांना आणखी एक परीक्षा असते, ती मात्र घरून: संगणकावर निगराणीखाली कोड लिहून दाखवायचा. त्याआधी आपला संगणक, कॅमेरा आणि इंटरनेट चालतंय का याची एक तपासणी असते. ती वेळेत उरकून घ्या. मोबाइलवर हे जमत नाही. गावाकडे वीज जाते, राउटर बंद पडतो. चांगला यूपीएस किंवा पूर्ण चार्ज असलेला लॅपटॉप आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवलाच पाहिजे.

डिप्लोमा: शिकलेलं वापरायला लावणारी पायरी

या अभ्यासक्रमाची ताकद बघायची तर डिप्लोमा बघावा. मॉडर्न अॅप्लिकेशन डेव्हलपमेंट १ मध्ये फ्लास्क आणि एसक्यूलाइट ही साधनं वापरून एक पूर्ण वेब अॅप्लिकेशन उभं करायचं, २ मध्ये तेच व्ह्यू, रेडिस आणि सेलरी घेऊन. विषयाचे गुण वेगळे, प्रकल्पाचे वेगळे, आणि प्रकल्पाची तोंडी परीक्षा. तोंडी परीक्षेत स्क्रीन दाखवून अॅप चालवायचं आणि 'हा रूट काढला तर काय होईल', 'इथे आत्ता एक रकाना वाढवून दाखवा' असे प्रश्न येतात. उसना कोड तिथे दोन मिनिटांत उघडा पडतो, आणि नक्कल सापडली तर कारवाई होते.

सर्वाधिक वेळ खाणारी गोष्ट मात्र कोड नसते. रेडिस विंडोजवर थेट चालत नाही आणि सेलरीला विंडोजवर अधिकृत आधार नाही. मग विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल बसवून आतलं लिनक्स वापरावं लागतं. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल, ब्राउझर आणि कोड एडिटर एकत्र उघडले की यंत्र गुदमरतं. आठ जीबी ही किमान गरज धरा. सिस्टीम कमांड्स हा लिनक्सचा विषय मॉडर्न अॅप्लिकेशन डेव्हलपमेंट २ च्या आधी उरकला तर हे सगळं हाताळणं सोपं जातं. तो मागे ठेवणारे प्रकल्पाच्या शेवटच्या आठवड्यात टर्मिनलशी झटत बसतात.

बिझनेस डेटा मॅनेजमेंटचा प्रकल्प आणखी वेगळा. एक खरा व्यवसाय शोधायचा, त्याच्याकडून मूळ आकडे घ्यायचे, मालकाचं सहीचं पत्र आणायचं, त्याच्याशी बोलणं करून त्याची अडचण समजून घ्यायची आणि आकड्यांवरून उपाय सुचवायचा. इंटरनेटवरून उतरवलेली माहिती चालत नाही. गल्लीतलं किराणा दुकान, औषधांचं दुकान, बेकरी, झेरॉक्सवाला, काहीही चालतं. आधी प्रस्ताव, मग मध्यावधी अहवाल, मग अंतिम अहवाल आणि तोंडी परीक्षा.

इथे हमखास काय फसतं ते सांगायला हवं. दुकानदार विक्रीची वही दाखवतो, पण खरेदीचा भाव सांगत नाही. तो सांगितला नाही तर कुठल्या मालावर किती सुटतं हे काढता येत नाही आणि अहवाल नुसत्या विक्रीच्या आलेखांवर थांबतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारून घ्या: खरेदीची बिलं बघायला मिळतील का? 'नाही' म्हणाले तर आभार मानून दुसरं दुकान बघा. बिलं बघायला दिली तरी मालाचं नाव बदलून किंवा भाव एका ठरावीक आकड्याने गुणून वापरू असं सांगितलं की पुष्कळ मालक तयार होतात. दुसरं, सप्टेंबर टर्मला घेतलेल्या आकड्यांत दिवाळी येते. रवा, मैदा, बेसन, साखर, तेल आणि सुक्या मेव्याची विक्री त्या दोन आठवड्यांत एवढी चढते की तीन महिन्यांची सरासरी काढली तर ती कुठल्याच महिन्याची राहत नाही. दिवाळीचे आठवडे वेगळे काढून मांडा आणि अहवालात तसं स्पष्ट लिहा. परीक्षक नेमकं हेच विचारतात. तिसरं, वही हातानं लिहिलेली असते. 'साखर ५', 'सा. ५ कि.' आणि 'चिनी ५' या एकाच मालाच्या तीन नोंदी असतात. त्या एकसारख्या करण्यातच आठवडा जातो. तो आठवडा वेळापत्रकात आधीच धरून ठेवा.

असा प्रकल्प पदवीच्या दुसऱ्या पायरीवर करून घेणारा अभ्यासक्रम आपल्याकडे विरळा. व्यवसायाच्या खऱ्या अडचणीला हात घातल्यावर मुलामुलींमध्ये जो आत्मविश्वास येतो तो नोकरीच्या मुलाखतीत लगेच दिसतो.

वरच्या पायरीबद्दल थोडक्यात. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, सॉफ्टवेअर टेस्टिंग, डीप लर्निंग, कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या शोधपद्धती आणि मग निवडीचे विषय. काही श्रेयांक एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन व्यासपीठावरच्या विषयांतून आणि कामाच्या उमेदवारीतूनही मिळवता येतात. नोकरी करणाऱ्याला त्याच्या कामाचेच श्रेयांक मिळू शकतात, ही तरतूद आवर्जून वापरावी.

कागदावर या पदवीची किंमत

ही आयआयटी मद्रासची पदवी आहे आणि 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' असं लिहिलेल्या जागांना ती लागू होते. पण ती बी.टेक. नाही. जाहिरातीत 'बी.ई. किंवा बी.टेक.' अशी अट असेल तिथे तिचा उपयोग नाही, आणि आयआयटीच्या आवारात होणाऱ्या भरतीतही या विद्यार्थ्यांना जागा नसते. नोकरीच्या मदतीसाठी त्यांचा वेगळा विभाग आहे. हे आधी समजून न घेता 'आयआयटी' या नावावर भाळून आलेले पालक नंतर फार दुखावतात. त्या मुलांचा त्यात काही दोष नसतो. नातेवाइकांनी चुकीचं सांगितलेलं असतं.

याच धर्तीवर २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सचा बीएस सुरू झाला. त्यात प्रयोगशाळेसाठी चेन्नईला प्रत्यक्ष जावं लागतं, म्हणून तो निवडताना प्रवासाचा आणि रजेचा हिशोब वेगळा करा.

हे झेपणार नसेल तर

सगळ्यांना डेटा सायन्स करायचं नसतं. मराठी, इतिहास, वाणिज्य किंवा व्यवस्थापन हवं असेल तर राज्यातली आणि केंद्राची मुक्त व सार्वजनिक विद्यापीठं आहेत: १९८५ पासूनचं इग्नू, १९८९ पासूनचं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९७१ पासून दूरशिक्षण चालवणारं मुंबई विद्यापीठ. फी कमी, वेग सोसवणारा. अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के ही वाटणी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांतच आहे.

पण तिथे 'दूरस्थ' आणि 'ऑनलाइन' हे दोन वेगळे प्रकार आहेत, हे पक्कं लक्षात ठेवा. राज्य विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या कार्यक्षेत्रातच चालवता येतो. ऑनलाइनला क्षेत्राची मर्यादा नाही. बेळगावच्या किंवा इंदूरच्या मराठी विद्यार्थ्याने महाराष्ट्रातल्या विद्यापीठात प्रवेश घेताना हा फरक विचारलाच पाहिजे. अभियांत्रिकी, वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, वास्तुकला, कायदा, पीएच.डी. यांना दूरस्थ आणि ऑनलाइन दोन्ही बंद आहेत. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि आहारशास्त्र यांचीही भर पडली. 'ऑनलाइन एम.ए. मानसशास्त्र, लगेच प्रवेश' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

प्रवेश घेण्याआधी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण मंडळाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं, त्या अभ्यासक्रमाचं आणि त्याच सत्राचं नाव मान्यतेच्या यादीत आहे का ते बघा. गेल्या वर्षीची मान्यता या वर्षीही आहे असं धरून चालू नका. २०२४ पासून विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी क्रमांकही काढावा लागतो, त्यासाठी आधी डिजिलॉकरवरून एबीसी क्रमांक (अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे श्रेयांक जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक) हवा. आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि डिजिलॉकर यांवरच्या नावात 'वडिलांचं नाव मध्ये' आणि 'आडनाव आधी' असा फरक असेल तर इथे गाडी अडते; आधी आधारवरचं नाव दुरुस्त करून घ्या, मग बाकीचं. हा क्रमांक विद्यार्थ्याने स्वतःच्या मोबाइलवर काढायचा असतो. 'ओटीपी सांगा, आम्ही काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटच्या हाती तो देऊ नका, कारण केंद्र भाड्याने चालवायला देण्याची पद्धत, म्हणजे फ्रँचायझी, नियमाने बंद आहे. फी फक्त विद्यापीठाच्या खात्यात भरायची आणि पावतीवर विद्यापीठाचंच नाव आहे हे तिथल्या तिथे वाचून बघायचं.